दोन वजनं सारखी येईपर्यंत

ओल्या मातीचं वजन मी कोरड्या मातीचं म्हणून धरलं. चूक एवढीच. सांगायला एक ओळ लागते, आणि करायला तर तेवढाही वेळ लागला नव्हता.

ती माझी चूक आहे असं आजवर कुठल्याही कागदावर आलेलं नाही. कागदावर ती बाईंच्या नावावर आहे. म्हणून आधी बाईंबद्दल सांगतो. माझ्याबद्दल तुम्हाला मधूनमधून कळत जाईलच. स्वतःबद्दल बोलायचं मी थांबवलंय, असा अजून कोणाचा अनुभव नाही.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई. ओव्हनचं दार उघडायचं, मातीचा ट्रे दोन्ही हातांनी बाहेर काढायचा, गार होऊ द्यायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. मग त्याच ओळीतल्या कालच्या आकड्यावर बोट ठेवायचं, दोन आकडे एकदा बघायचे आणि म्हणायचं, "परत." ट्रे परत ओव्हनमध्ये. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लागोपाठची दोन वजनं सारखी आली की मगच माती कोरडी झाली असं त्या मानायच्या. आणि सारखी म्हणजे सारखी. "जवळजवळ सारखी आहेत की, बाई," असं मी एकदा म्हणालो होतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जवळजवळ माणूस आहे की काय अशी मलाच शंका आली.

आमचा धंदा काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जमिनीखाली कुठला धातू किती आहे, याचा अंदाज आम्ही बांधून देतो. लोक भोकं पाडतात, भोकांतून निघालेली माती पिशव्यांत भरून आमच्याकडे पाठवतात. विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याच्या आत एका शेडमध्ये आमची प्रयोगशाळा. तिथे बाई आणि आणखी तिघेजण त्या मातीत काय आहे ते शोधतात. ते आकडे कोथरूडच्या ऑफिसात माझ्याकडे येतात. मी कॉम्प्युटरवर त्या जमिनीचे चौकोनी ठोकळे करतो आणि त्यांना रंग देतो. लाल म्हणजे श्रीमंत, निळा म्हणजे गरीब. आयुष्यात कधी न पाहिलेल्या जमिनीला रंग देण्यात मी वीस वर्षं घालवली, आणि लोक मला तज्ज्ञ म्हणतात.

बाईंची आणि माझी पहिली नीट गाठ पडली ती भेंडीमुळे. प्रयोगशाळेत एका कामासाठी गेलो होतो, जेवायची वेळ झाली, डबा गार होता. समोर चार ओव्हन चालू. मी डबा उघडा करून तिसऱ्या ओव्हनमध्ये ठेवला. दहा मिनिटांनी बाई आल्या, त्यांनी वास घेतला आणि दार उघडलं. आतले बाराच्या बारा ट्रे त्यांनी शांतपणे बाहेर काढले आणि कचऱ्याच्या पिंपात ओतले. चार दिवस वाळत घातलेली माती होती ती.

"बाई, झाकण होतं हो मातीवर," मी म्हणालो.

"भेंडीवर नव्हतं," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या. तुमच्या भाजीत आता निकेल किती ते मी तपासून देऊ शकते, पण चार दिवस लागतील."

रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या बारा ओळींसमोर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : भेंडीच्या भाजीमुळे रद्द. खाली सही. पुढे बाहेरचे लोक तपासणीला आले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने त्या पानाचा फोटो काढून नेला. इतकं खरं रजिस्टर आपण पाहिलेलं नाही, असं तो म्हणाला म्हणे. माझं नाव त्यात नव्हतं, ही बाईंची मेहेरबानी. त्या मेहेरबानीची मला सवय लागली असावी.

दुसरी गोष्ट अशीच. एकदा मी ऑफिसात सगळ्यांसमोर एक नकाशा लावून बोलत होतो. अमुक नंबरचा नमुना बघा आणि तमुक नंबरचा बघा, दुसऱ्यात धातू किंचित जास्त. म्हणजे या दोघांच्या मध्ये जमीन बदलते, इथून पाणी झिरपत गेलं असणार, इथे धातू साचला असणार. मी हातवारे करून पाणी झिरपवून दाखवलं. बाई कामानिमित्त आल्या होत्या, मागे बसल्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "दोन्ही एकाच पिशवीतले आहेत."

मला काही कळेना.

"एकच माती दोन नंबरांनी पाठवली होती. आमचा हात किती हलतो ते बघायला. तेवढा फरक आमच्या हाताचा आहे, पाण्याचा नाही."

ऑफिस हसलं. मीही हसलो, आणि पुढची पाच वर्षं ही गोष्ट मीच रंगवून सांगत राहिलो. आपल्या फजितीच्या गोष्टी आपणच सांगितल्या की लोकांना वाटतं, हा माणूस प्रामाणिक आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यापासून जरा लांब राहा.

बाई मूळच्या अमरावतीकडच्या. लग्न होऊन खडकीला आल्या; नवरा दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि त्या मुलीला घेऊन विश्रांतवाडीत दोन खोल्यांत राहायला आल्या. बोलणं अगदी पुण्याचं झालं होतं, मोजकं आणि वर धार लावलेलं. पण मनापासून काही कळेनासं झालं की तोंडातून माहेरचा एकच शब्द यायचा, "काहून?" म्हणजे का. एरवी त्या "का" म्हणायच्या. "काहून" निघालं की समजायचं, बाईंना खरंच उत्तर हवंय.

त्या आमच्याकडे लागल्या त्या ट्रे धुवायला आणि माती कुटून चाळायला. दोन वर्षांनी एकदा कुणीतरी चुकून विचारलं, तेव्हा कळलं की त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत. "आधी का नाही सांगितलंत?" साहेबांनी विचारलं. "कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्या एकेक पायरी चढल्या. परीक्षा दिल्या, तपासणीसाठी आलेल्यांसमोर बसल्या, पुन्हा बसल्या. शेवटी एक दिवस प्रयोगशाळेच्या दाराशी जो कागद लावलेला असतो, कोणाच्या सहीने अहवाल बाहेर जाऊ शकतो त्यांच्या नावांचा, त्यावर बाईंचं नाव आलं. तो कागद त्यांनी स्वतः लॅमिनेट करून आणला.

अहवाल इंग्रजीत, सही मराठीत. पूर्ण नाव, सगळी अक्षरं वाचता येतील अशी. आम्ही सगळे सही म्हणून एक वाकडी रेघ ओढतो. बाईंची सही म्हणजे शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखी. "बाई, एवढी मोठी सही करायला वेळ जातो," असं मी म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "वाचता आली पाहिजे. उद्या कोणी विचारलं की हे कोणी सांगितलं, तर माझं नाव दिसलं पाहिजे."

त्यांच्याकडे दागिना म्हणावं असं काही मी कधी पाहिलं नाही. ती सही हाच काय तो दागिना होता, आणि तो माझ्यामुळे गेला. आता कसा गेला ते सांगतो.

काम आलं ते ओडिशाकडच्या जमिनीचं. कोकणात घरं बांधतात तो जांभा तुम्हाला माहीत आहे. त्याचाच एक मऊ, चिखलट भाऊबंद असतो, त्यात निकेल असतं. निकेलसाठी ती जमीन पूर्वीच धुंडाळून झाली होती. आता मालकांना हवा होता स्कँडियम. अॅल्युमिनियममध्ये चिमूटभर मिसळला की ते हलकं राहून पोलादासारखं वागतं, असा हा धातू. टनभर मातीत काही ग्रॅम. पण सध्या अशा धातूंचे दिवस आहेत. पूर्वी ज्याला कोणी विचारत नव्हतं, तो आता देशासाठी महत्त्वाचा, त्यांच्या भाषेत 'क्रिटिकल', झालाय. मालकांच्या माणसाने कोथरूडच्या ऑफिसात बसून तो शब्द इतक्या वेळा उच्चारला, की चहा घेऊन आलेल्या मावशींनी मला नंतर विचारलं, "सर, कोण आजारी आहे का?"

स्कँडियमचा हिशेब तसा सोपा. एका घनमीटर मातीचं वजन किती, त्या वजनात स्कँडियम किती ग्रॅम, आणि असे घनमीटर किती. तिघांचा गुणाकार. यात मेख एकच आहे. ग्रॅम मोजतात ते वाळवलेल्या मातीच्या पुडीतून. म्हणून वजनही वाळलेल्या मातीचंच धरावं लागतं. नाहीतर मातीतलं पाणीही धातूच्या हिशेबात येतं. आणि ही माती पाणी धरते. दिसायला घट्ट, हातात घेतली तर तिसरा हिस्सा पाणी. बाई म्हणायच्या, "ही माती घरी आलेल्या नणंदेसारखी आहे, निघते निघते म्हणते आणि निघत नाही."

मला घाई होती. खरं तर घाई साहेबांना होती, साहेबांना ती मालकांनी लावली होती, पण ती सगळ्यात जास्त अंगात आली माझ्या. मी रोज प्रयोगशाळेत फोन लावायचो.

"बाई, झालं का?"

"नाही आलं सारखं."

"अजून किती दिवस?"

"तिला विचारून सांगते."

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "ओली वजनं तर आहेत ना तुमच्याकडे? ती द्या. तात्पुरती घालतो. चित्र कसं दिसतंय ते तरी बघू."

त्यांनी ओव्हनचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "काहून घाई करता? माती वाळायला लागतो तेवढा वेळ लागतो."

"तात्पुरती, बाई. कोरडी आली की बदलतो."

ऑफिसची एक फाइल होती, प्रयोगशाळेने भरायची आणि आम्ही वापरायची. बाईंनी त्यात ओली वजनं भरली. आणि सगळ्यात वरच्या ओळीत, लाल अक्षरांत, मराठीत लिहिलं : ओलं. वापरू नये.

माझ्या प्रोग्रामला वरची जादा ओळ चालत नाही. तो पहिल्याच ओळीत अडतो आणि इंग्रजीत काहीतरी टोचून बोलतो. मी ती ओळ उडवली. एक टिचकी. त्या वेळी माझ्या मनात काही पाप नव्हतं, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. पाप नंतर आलं, चालत चालत, चहा पीत.

चित्र सुंदर आलं. मधोमध लाल डोंगर. साहेब खुर्ची सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मालकांच्या माणसाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कुणाला तरी पाठवला. मग तिकडून फोन आला, की हेच पाठवा, लगेच पाठवा. मी "तात्पुरतं" हा शब्द बोललो का? घशापर्यंत आला होता. पण तेवढ्यात साहेब म्हणाले, "अहवालावर पहिलं नाव तुमचं घालू या." त्या दिवसापर्यंत माझं नाव शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असायचं. तो शब्द मी गिळला. अहवाल गेला. पेढे आले. एक पेढा मी बाईंसाठी कागदात बांधून ठेवला होता. विश्रांतवाडीला जायचं राहिलं, मग मीच खाल्ला.

कोरडी वजनं आली ती त्यानंतर नवव्या दिवशी. फाइल उघडली. आकडे एकदा बघितले आणि कळायचं ते कळलं. माझ्या लाल डोंगराचा तिसरा हिस्सा पाणी होतं. मी फाइल बंद केली आणि खाली चहाला गेलो. टपरीवर मी दोन कप प्यालो आणि चहावाल्याला, यंदा आलं कमी घालतोस, असं सुनावलं.

उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या साहेबांचा पाय मुरगळला होता. दुखऱ्या माणसाला कसं सांगायचं. परवा ते खूश होते. खूश माणसाला तरी कसं सांगायचं. मग गणपती आले. न सांगायला कारण लागलं की ते आपल्याला घरपोच मिळतं. असे तीन आठवडे गेले.

मग मालकांनी नेमलेला एक तपासनीस आला. शांत, चष्मेवाला, दक्षिणेकडचा. त्याने अहवाल दोन दिवस वाचला आणि एकच प्रश्न विचारला : हे वजन ओलं की कोरडं? या जातीची माती इतकी जड मी कुठे पाहिली नाही.

बैठक बोलावली. साहेब, तपासनीस, मालकांचा माणूस, मी. बाईंना विश्रांतवाडीहून बोलावलं. त्या रजिस्टर घेऊन आल्या, कापडात बांधून.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही ओले आकडे कसे काय दिलेत?"

"मागितले म्हणून दिले. वर लिहिलं होतं. ओलं, वापरू नये."

"कुठे लिहिलं होतं?"

"फाइलमध्ये. पहिल्या ओळीत."

फाइल भिंतीवर दाखवली. पहिल्या ओळीत असं काही नव्हतं. बाई उठल्या. भिंतीजवळ गेल्या आणि त्या उजेडात, जिथे ती ओळ असायला हवी होती तिथे, बोट ठेवलं. "इथे होतं," त्या म्हणाल्या. मग रजिस्टरचं कापड सोडलं, पान काढलं. त्यात ओलं वजन, कोरडं वजन, मधली सगळी वजनं, तारखांसकट होती.

"रजिस्टर तुमच्याकडे असतं, बाई," साहेब म्हणाले. "आम्हाला फाइल मिळते." आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला आठवतंय का असं काही लिहिलेलं?"

इथे मी काय म्हणालो ते तसंच्या तसं सांगतो. म्हणालो, "मला तरी तसं काही दिसलं नव्हतं. आणि प्रयोगशाळेकडून कोरडे आकडे उशिरा आले, ते अहवाल गेल्यावर."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं, आणि त्याच्या खांद्यावर बसवून मी पहिलं नदीपार नेलं. आवाज कापला नाही, घाम आला नाही. खोटं बोलताना काहीतरी होतं असं मी ऐकून होतो. मला काहीच झालं नाही. मी समोरच्या बशीतलं बिस्किटही उचललं.

बाई अजून भिंतीजवळच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जुळत नसलेल्या दोन आकड्यांकडे बघायच्या, तसं. आणि हळूच म्हणाल्या, "काहून?"

साहेबांना तो शब्द कळला नाही. तपासनिसाला तर नाहीच. त्या खोलीत तो मला एकट्यालाच कळला, आणि मी बिस्किट खात होतो.

अहवाल सुधारून द्यायचा ठरला. सुधारलेला अंदाज छोटा झाला, पण बुडाला नाही, त्यामुळे मालकही फार ओरडले नाहीत. मात्र चूक कशी झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, असं लेखी हवं होतं. असं पत्र लिहायचं म्हटलं की ऑफिसात सगळे माझ्याकडे बघतात, कारण माझं इंग्रजी वळणदार आहे. मी लिहिलं. प्रयोगशाळेकडून आकड्यांवर पुरेशी खूण केली गेली नाही. अहवालावर सही करण्याच्या जबाबदारीत बदल करण्यात आला आहे. बाईंचं नाव मी कुठेही घातलं नाही, याचं मला त्या वेळी समाधान वाटलं होतं. दोन ओळींत एका माणसाची वीस वर्षं पुसली आणि कर्मणी प्रयोगामुळे ते कोणीच केलं नाही.

दाराशी नवा कागद लागला. बाईंच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका तरुणाचं नाव. बाई पूर्वीसारख्याच ट्रे काढायच्या, तोलायच्या, "परत" म्हणायच्या. फक्त शेवटी कागद घेऊन त्या मुलाच्या टेबलापाशी उभ्या राहायच्या. तो बिचारा दरवेळी खुर्चीवरून उठायचा. मग त्या म्हणायच्या, "बसा. सही बसूनच चांगली येते." त्याची सही म्हणजे वाकडी रेघ होती.

मी त्या दिवसांत विश्रांतवाडीला जायचं टाळलं. फोन करायचो तोही त्या मुलाला. एकदा चुकून बाईंनी उचलला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "देते," आणि त्याला बोलावलं.

सात-आठ महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसे. साहेब म्हणाले, "तुम्ही बोला, तुमच्याकडे बाईंच्या गोष्टी आहेत." आणि मी बोललो. होय, बोललो. भेंडीची गोष्ट सांगितली, एका पिशवीतल्या दोन नमुन्यांची सांगितली, जागच्या जागी हातवारे करून पाणी झिरपवून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. मी स्वतःवर किती छान हसतो, असं मालकांकडून आलेल्या एक बाईसुद्धा म्हणाल्या. आमच्या बाई समोसा हातात धरून बसल्या होत्या, तसाच.

त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीन नंबरच्या ओव्हनचं रबर बदला. दार नीट लागत नाही." आणि खाली बसल्या.

त्यानंतर दीडेक वर्षाने मी त्यांच्या घरी गेलो. काहून गेलो, ते विचारू नका. उत्तर पुढे येतंच आहे. मी मनाशी बरंच काही जुळवलं होतं. सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं, मध्ये एखादी हलकी गोष्ट टाकून त्यांना हसवायचं का. आळंदी रस्त्याला गाडी लावून दोन जिने चढेपर्यंत ते भाषण चांगलंच बांधेसूद झालं होतं.

दार मुलीने उघडलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. गळ्यात ऑफिसचं कार्ड, एका हातात चप्पल, निघायच्या बेतात. मी नाव सांगितलं. तिने चप्पल खाली ठेवली.

"आई कामावर गेलीय."

"कुठे असतात आता?"

"शेताची माती तपासतात, तिथे. वाघोलीच्या पुढे. दोन बस बदलून जाते."

"वा," मी म्हणालो. "म्हणजे त्यांच्याच लाइनचं काम."

"वजन करायचं काम आहे," ती म्हणाली. "सही दुसऱ्याची असते. सहीच्या जागेसाठीच अर्ज केला होता तिने. त्यांनी तुमच्या ऑफिसला विचारलं, ह्यांची सही का काढली. तुमच्याकडून एका पत्राची कॉपी आली."

ते पत्र कोणी लिहिलं होतं, हे तिला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. तिच्या मागे खोलीत एक टेबल दिसत होतं, त्यावर घडी घातलेला रुमाल आणि पाण्याचा तांब्या. बाकी भिंत मोकळी.

मी दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. जुळवलेलं भाषण आठवलंच नाही. ओळ मी उडवली, कोरडी वजनं आल्यावरही ओले आकडे मी बदलले नाहीत, बैठकीत मी खोटं बोललो. एवढं झाल्यावर मला जरा बरं वाटायला लागलं, हेही तिला दिसलं असावं.

"हे तुम्ही तुमच्या साहेबांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"आईच्या तिथल्या लोकांना?"

"नाही. म्हटलं, आधी तुमच्याकडे यावं."

तिने चप्पल पायात घातली, बाहेर आली, दाराला कुलूप लावलं, आणि ते लागलं का ते ओढून बघितलं. मग म्हणाली, "आईला हे पहिल्या दिवसापासून माहितीय. मलाही माहितीय. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायची तुमची हिंमत नाही, म्हणून तुम्ही इथे आलात. सरका काका, माझी बस जाईल."